शुक्रवारची ओटी

दीपमालानं ओढणी दोन्ही हातांनी पुढे धरली, तेव्हा आपण काय करतो आहोत हे तिच्या डोक्यात नव्हतंच. हातांना सवय होती, हातांनी केलं. पार्वतम्मानं तिच्या कपाळावर हळदीकुंकू टेकवलं, ओढणीत खण ठेवला, खणावर नारळ ठेवला आणि मग गव्हाच्या ओंजळी सोडायला सुरुवात केली.

"लगीन हून वर्ष न्हाई झालं म्हणतीस. नवी सवाष्ण शुक्रवारी दारात आली, तिला रिकामी धाडू व्हय?"

पार्वतम्माच्या कपाळावर विभूतीचे पट्टे होते आणि बोलण्याला उदगीरकडचा कानडी हेल होता. ती पुढे म्हणाली, "तू मला मगळ्यासारखी. लेकीसारखी."

दीपमालानं रीतीप्रमाणे चिमूटभर गहू तिच्या ताटात परत टाकले. तिला बरं वाटलं. अर्धापूरचं माहेर सोडून लातूरला आल्यापासून तिला लेक म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. सासूबाई चांगल्या होत्या, पण त्या तिला सूनच म्हणत.

घराच्या मागच्या ओट्यावर हे चाललं होतं. समोर अंगण, अंगणात लिंबाचं झाड, आणि झाडापलीकडे पत्र्याचं लांबडं शेड. दुपारची सुट्टी होती. शेडमधल्या बाया लिंबाखाली डबे सोडून बसल्या होत्या. हातातले घास हातातच राहिले होते आणि सगळ्या ओट्याकडे बघत होत्या. त्यांच्यातली जगदेवी तेवढी बघत नव्हती. तिनं डब्याचं झाकण लावून टाकलं होतं.

"ए, चला, झाली सुट्टी!" पार्वतम्माच्या यजमानांनी, रेवणप्पा मालकांनी, शेडच्या शटरपाशी उभं राहून हाक दिली. बाया उठल्या. दीपमालानं ओढणीची गाठ मारली, पार्वतम्माला "येते अक्का" म्हटलं आणि भरल्या ओटीनं ती गल्लीत आली. मागून शटर खाली ओढल्याचा आवाज आला. त्यामागोमाग कुलूप लागल्याचाही आला.

खरं तर त्या कुलपासाठीच ती इथे आली होती.

दीपमाला समाजकार्य महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होती आणि शिवणकामाच्या शेडमधल्या बायांसाठी चाललेल्या मोहिमेत स्वयंसेवक म्हणून काम करत होती. मोहीम हा शब्द तसा ऐपतीपेक्षा मोठाच. बुद्धप्रियाताई, तिची स्कूटी, एक कापडी फलक आणि दीपमालासारख्या चार-दोन विद्यार्थिनी, एवढाच पसारा. पण बुद्धप्रियाताईंच्या आवाजात दम होता. त्या बोलायला लागल्या की आपण फार मोठ्या लढ्यात आहोत असं दीपमालाला वाटायचं, आणि तेवढ्यासाठी ती सासूबाईंचं सगळं आवरून, उन्हात चालत, बैठकीला यायची.

रेवणप्पांच्या शेडमध्ये शाळांचे गणवेश शिवत. मे महिना म्हणजे हंगाम. सकाळी बाया आत गेल्या की शटरला बाहेरून कुलूप लागायचं, ते दुपारच्या सुट्टीला निघायचं, पुन्हा लागायचं. माल चोरीला जातो, बायकांची जात आहे, कुणी रिकामटेकडं आत शिरलं तर आमच्यावर बालंट, असं मालकांचं म्हणणं. आत संडास नव्हता. घरातला होता, पण घरात सोवळं होतं. त्यामुळे बाया पाणी पीत नसत. पत्रा तापून आत भट्टी व्हायची, मोटारी लावलेल्या मशिनी चालायच्या, आणि त्या उकाड्यात बाया ओठ सुकू देत बसायच्या, कारण प्यायलं की मोकळं व्हायला जाणार कुठे?

जगदेवी त्याच पायी आजारी पडली होती. दुसऱ्यांदा दिवस गेलेले, आणि मशिनीवरच ती कोसळली. लघवीचा संसर्ग किडनीपर्यंत गेला आहे, दिवसभर पाणी पीत राहिली नाहीस तर तुझंही अवघड आणि पोटातल्या जीवाचंही, असं डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं. तरी ती कामावर येत होती. तिनंच मागच्या आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी दीपमालाचा हात धरून सांगितलं होतं, "सायेब येऊ द्या. मी सांगते समदं. आता भ्यायचं न्हाई." बुद्धप्रियाताईंनी तक्रार दिली ती या एका वाक्याच्या जोरावर. कामगार कार्यालयातले साहेब बुधवारी चौकशीला येणार होते. कुणीच काही बोललं नाही तर तक्रार तिथल्या तिथे मिटणार, आणि जगदेवी पुन्हा कुलपात.

बुद्धप्रियाताईंना मालक ओळखत होते, आत घेतलं नसतं. म्हणून दीपमालाला पाठवलं. कॉलेजच्या अभ्यासासाठी शिवणकाम कसं चालतं ते बघायचं आहे, असं तिनं सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. मालकांनी तिला खुर्ची दिली, चहा पाजला आणि जाता जाता सवयीनं शटरला कुलूप लावलं. सकाळपासून दुपारपर्यंत ती त्या बायांबरोबर आत होती. कानशिलं तापली, पोटात कळ यायला लागली, आणि एका बाजूला बसून दोरे कापणारी म्हातारी धोंडाबाई तिच्याकडे बघून हसली.

"आज एकच दिस हाय तुमचा. निभंल," धोंडाबाई म्हणाली होती.

तर शुक्रवारी हे असं झालं. दीपमाला खुशीत घरी गेली. जे बघायचं ते बघितलं, अनुभवलं, वर कुणी संशयही घेतला नाही. सासूबाईंनी खण हातात घेऊन उलटापालटा केला, काठ बघितला आणि म्हणाल्या, "बाई मोठ्या मनाची दिसती." दीपमालाही हो म्हणाली.

सोमवारी संध्याकाळी ती नेहमीसारखी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. शेड सुटलं, बाया घोळक्यानं आल्या. एरवी थांबायच्या, हसायच्या, कॉलेजातल्या पोरींना काय शिकवतात ते विचारायच्या. आज घोळका तिला वळसा घालून गेला. एकीनं पदर तोंडावर ओढला. दुसरी म्हणाली, "उशीर झालाय ताई," आणि ऊन अजून भिंतीवर होतं.

दीपमालानं जगदेवीला गाठलं.

"बुधवारी साहेब येऊन राहिले. आपलं बोलणं झालंय ना?"

"कशाचं बोलणं?" जगदेवीनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मला कायबी सांगायचं न्हाई ताई. अक्का लई चांगल्या हायत."

"अन् तुझी तब्येत?"

"मला ऊन लागलं हुतं."

ती निघून गेली. दीपमाला तिथेच उभी राहिली. आपलं काहीतरी चुकलं आहे एवढं तिला कळलं, काय ते काही केल्या कळेना. मालकांनी दम दिला असेल का? मग बायांच्या डोळ्यांत भीती दिसायला हवी होती. तिथे भीती नव्हती. त्या तिच्याकडे परक्यासारखं बघत होत्या, जरा आदरानंच, आणि तो आदर तिला जास्त टोचला. त्या दिवशी बिनओळखीच्या बाईसारखी खुर्चीवर बसले म्हणून? चहा एकटीनंच प्यायले म्हणून? तिनं सगळं पुन्हा पुन्हा आठवून बघितलं आणि डोक्याचा पार गोंधळ करून घेतला.

बुद्धप्रियाताई चहाच्या गाड्यापाशी वाट बघत होत्या.

"शुक्रवारी आत नेमकं काय झालं? एकेक गोष्ट सांग."

दीपमालानं एकेक गोष्ट सांगितली. कुलूप, उकाडा, खुर्ची, चहा. ओटीचं तिनं सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. ती सांगण्यासारखी गोष्ट आहे असंच तिला वाटलं नाही. कुणाच्या घरी पाणी प्यायलो हे आपण थोडंच सांगतो!

"मग फिरल्या कशा या?" बुद्धप्रियाताईंनी कपावर बोटं आपटली. "पैसे चारले असणार रेवणप्पानं."

तसंही वाटत नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी दीपमाला परत त्या गल्लीत गेली. घोळका तसाच वळसा घालून गेला. सगळ्यांच्या मागे धोंडाबाई येत होती, गुडघ्यावर हात ठेवत, थांबत थांबत. तिच्याशी दीपमाला आजवर दोन शब्दांपलीकडे बोललीच नव्हती. मोहिमेचं सगळं लक्ष मशिनीवरच्या बायांकडे होतं आणि धोंडाबाई मशिनीवर नव्हती. दीपमालानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि ती तिच्याबरोबर चालू लागली.

"मावशी, माझं काय चुकलं तेवढं सांगा. बाया बोलून नाही राहिल्या माझ्याशी."

"चुकलं कुटं? तुमी वटी भरून घेतली."

दीपमाला थांबली.

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तुमी अक्काच्या लेक झालात की. लेकीपाशी आईची चाडी कोण करंल?" धोंडाबाई सांगताना चालतच राहिली, म्हणून दीपमालालाही चालावं लागलं. "समद्यांच्याच भरत्यात त्या. कामावर आलेल्या पयल्या शुक्रवारी. सणासुदीला खण देत्यात. जगदेवीला आई न्हाई. तिच्या पयल्या खेपंला डोहाळजेवण अक्कानंच केलं, हिरवी साडी नेसवून, झोपाळा बांधून. आता सांगा, जिनं वटी भरली तिच्या तोंडावर तिला वाईट कसं म्हणावं? तरी ती पोरगी तुमच्यापाशी बोलायला लागली हुती. तुमी भाईरच्या हुता म्हणून. तुमी बी पदर पसरला, तवा तिला वाटलं, झालं, हिला बी त्यांनी घरात घेतली."

दीपमालाला एकदम रडू आलं. रागही आला, पण कुणाचा ते ठरवता येईना. पार्वतम्मानं हे मुद्दाम केलं होतं का? तिच्या हातांत, तिच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, हे दीपमाला शपथेवर सांगू शकली असती. ती खरंच लेक म्हणाली होती. आणि त्याच घराच्या कुलपात जगदेवी ओठ सुकवत बसली होती, हेही खरं होतं. दोन्ही खरं असेल तर आपण कुठे उभं राहायचं, हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

"अन् तुमची? तुमची पण भरली होती?"

"माझी?" धोंडाबाई हसली. "माझा मालक जाऊन जमाना झाला ताई. रांडमुंड बाईची वटी कोण भरतं? शुक्रवारी तर मला वट्याकडं फिरकू बी देत न्हाईत. अक्का वाईट न्हाईत हो. रीतच हाय ती."

तिनं आपली पिशवी परत घेतली. तिची गल्ली आली होती.

"जगदेवी पडली तवा माझ्याच मांडीवर हुती. भट्टीवानी तापली हुती पोरगी. आमी आतून शटर बडवलं, पर मालक गावात गेलते." तिनं पिशवी खांद्याला अडकवली. "बरं, जाते मी."

दीपमाला घरी आली ती थेट कपाटाकडे. खण काढला, नारळ काढला. सासूबाई भाजी निवडत होत्या.

"हे परत देऊन येते."

"येड लागलं का? भरलेली ओटी कुणी परत देतं का? तुझ्या कुंकवाला बरं न्हाई अन् तिच्या घराला न्हाई." सासूबाईंनी खण तिच्या हातातून काढून घेतला. "कुणी काय बोललं का तुला?"

"काही नाही."

मग तिनं बुद्धप्रियाताईंना फोन केला आणि सगळं सांगितलं.

"खरं सांगू का," बुद्धप्रियाताई म्हणाल्या, "माझ्या हे डोक्यातच आलं नसतं. आमच्या घरी ओटीबिटी बंद करूनही पिढी उलटली. आणि त्या पार्वतम्मानं मला आजवर त्या ओट्यावर पाय ठेवू दिला नाही. ओटी भरायची गोष्ट लांबच."

"ताई, मी काय करू?"

"विसरून जा. गहूच आहेत ते. उद्या मालकाला बाहेर काढू. तो समोर नसला की बोलतील बाया."

दीपमालाला सांगायचं होतं की मालक बाहेर गेले तरी काही व्हायचं नाही. पण तिला ते नीट मांडता आलं नाही आणि फोन बंद झाला.

बुधवारी साहेब आले. साधे, घामाघूम झालेले, कागद सांभाळत शेडमध्ये शिरलेले. शटर सताड उघडं होतं. कुलूप लावायची कडी गॅसनं कापून काढलेली, त्या जागी ताजा रंग. कोपऱ्यात नवा माठ, माठावर स्टीलचा डोया. रेवणप्पांनी पंखा साहेबांकडे वळवला.

"मालकांनी बाहेर थांबावं," बुद्धप्रियाताई म्हणाल्या. "बायांना मोकळेपणी बोलू द्या."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. रेवणप्पा बाहेर गेले. पार्वतम्मा कटिंगच्या टेबलाजवळ खुर्चीवर बसली होती. तिला कुणी जा म्हटलं नाही. बायांमधली बाई, तिचा काय अडथळा! बुद्धप्रियाताईंनी तिच्याकडे बघितलंही नाही. दीपमालानं मात्र बघितलं. पार्वतम्माही तिच्याकडे बघून हसली, घरचं माणूस दिसल्यावर हसावं तसं. ही पोरगी तक्रारवाल्यांबरोबर का आली आहे, असा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर नव्हता. लेक कुणाबरोबरही आली तरी लेकच.

मशिनी थांबल्या होत्या. साहेबांनी विचारलं, "काम चालू असताना शटरला बाहेरून कुलूप लावतात का?"

बायांच्या माना खाली गेल्या.

"माती उडती सायेब," पुढची एकजण म्हणाली. "आमीच ओढून घेतो शटर."

"पाणी, संडास?"

"हाय की माठ."

साहेबांनी कागदावरचं नाव बघितलं. "जगदेवी कोण? तुम्हाला इथे काम करताना त्रास झाला होता, दवाखान्यात न्यावं लागलं, असं तक्रारीत आहे."

जगदेवी मशिनीवरून न उठता बसल्या बसल्या बोलली. तिचे ओठ फाटले होते. नवा माठ हाताच्या अंतरावर होता, तरी तिनं त्यातलं पाणी घेतलेलं दिसत नव्हतं. तिनं आधी पार्वतम्माकडे बघितलं.

"ऊन लागलं हुतं सायेब. वाटंनं येताना."

बुद्धप्रियाताईंचा चेहरा उतरला. साहेबांनी लिहायला सुरुवात केली. त्यांचं काही चुकत नव्हतं, ते ऐकत होते तेच लिहीत होते. दीपमालाला वाटलं, आता संपलं. दोन घटका जातील, साहेब जातील, आणि कडीला काय, ती परत जोडता येते.

"कुलूप लावतेत."

आवाज मागून आला. धोंडाबाई दोऱ्यांच्या ढिगातून उठून उभी राहिली होती. हातात कात्री तशीच.

"भाईरून लावतेत. ही पोरगी पडली तवा बी लावलेलं हुतं. आमी शटर बडवून बडवून दमलो. ऊन बिन काय न्हाई. पाणी पीत न्हाईत बाया, जायाला जागा न्हाई म्हणून."

"धोंडाबाई!" पार्वतम्मा म्हणाली. आवाजात राग कमी आणि धक्का जास्त होता.

"खरं हाय ते बोलले अक्का. उद्यापास्नं येऊ नको म्हणलात तर येत न्हाई. मला या वयात दुसरं कोण काम देतंय, ते बी ठाऊक हाय मला."

साहेबांनी पेन थांबवलं. बायांकडे बघितलं.

"या म्हणतात ते खरं आहे का?"

कुणी हललं नाही.

"हे बघा," साहेब बुद्धप्रियाताईंना म्हणाले, "एक बाई एक सांगते, बाकी सगळ्या उलटं सांगतात. कडी जागेवर नाही. मी लिहू काय? आणखी कुणी डोळ्यांनी बघितलंय का?"

दीपमालानं बघितलं होतं. बघितलं कसलं, ती आत होती. मग तोंड उघडत का नव्हतं? बुद्धप्रियाताई तिच्याकडे बघत होत्या, आता बोल, आता बोल, असं डोळ्यांनीच सांगत. तिनं तोंड उघडलं आणि समोर पार्वतम्मा दिसली. ती आता हसत नव्हती, पण तिच्या नजरेत भरवसा होता. जगदेवीला रोज काय होत असेल ते दीपमालाला त्या क्षणी कळलं. भीती वाटत नव्हती. भीती परवडली असती. आपल्याला जवळ घेणाऱ्या माणसाच्या घरात उभं राहून त्याच्यावर हात उगारावा, तसं वाटत होतं. तिला पार्वतम्माचा राग यावा असं फार वाटलं, आणि येईना. तिला धोंडाबाईची लाज वाटली. तिला घरी जावंसं वाटलं.

ती पुढे झाली, पण साहेबांकडे गेली नाही. टेबलाला वळसा घालून ती पार्वतम्मासमोर आली, ओढणी डोक्यावर घेतली आणि वाकून तिच्या पायांना हात लावला.

"दीपमाला?" बुद्धप्रियाताईंचा आवाज चिरका झाला. "काय करतेस हे?"

ते दीपमालालाही ठाऊक नव्हतं. मशिनीवरच्या एका बाईनं सुस्कारा सोडला, सुटलो म्हणून सोडावा तसा. पार्वतम्माचा हात आपसूक तिच्या डोक्यावर आला.

"सुखी रहा मगळे. शिव तुझं भलं करो. जन्मसावित्री हो."

दीपमालानं तो आशीर्वाद पुरा होऊ दिला. मग ती उठली आणि तिथूनच, पार्वतम्माच्या पुढ्यातून, साहेबांकडे वळली.

"साहेब, मी शुक्रवारी आत होते. कुलूप बाहेरून लावलं होतं. मालकांनीच लावलं. आवाज मी माझ्या कानांनी ऐकला, अन् दुपारी उघडेपर्यंत आम्हाला कुणालाच बाहेर जाता आलं नाही. माझं पोट दुखून आलं होतं. धोंडाबाई म्हणतात ते खरं आहे. माझं नाव लिहा."

तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

पार्वतम्माचा आशीर्वादाचा हात तसाच हवेत राहिला होता. तिनं तो हळूच खाली घेऊन मांडीवर ठेवला आणि त्या हाताकडे बघत राहिली. "मी भरली तुझी ओटी," ती पुटपुटली. ती ओरडली असती तर दीपमालाला बरं वाटलं असतं.

"हाव अक्का," दीपमाला म्हणाली. "भरली."

साहेब लिहू लागले. पंखा फिरत होता. बाहेर रेवणप्पा कुणाशी तरी फोनवर मोठ्यानं बोलत होते. बुद्धप्रियाताई दीपमालाकडे बघत होत्या, आणि ही शाबासकी आहे की नाराजी, ते त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं.

तेवढ्यात एक स्टूल मागे सरकल्याचा आवाज झाला. जगदेवी उठली. एक हात पोटाखाली धरून, दुसरा मशिनीवर टेकवत ती दोन ओळींमधून बाहेर आली. साहेबांनी मान वर केली. पण ती साहेबांकडे गेली नाही. मघा दीपमालानं ओढणी घेतली होती तसा तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि ती पार्वतम्माच्या दिशेनं चालू लागली.

पार्वतम्मानं तिला येताना बघितलं आणि दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.